काखेतलं असेल तर एक मिळवा

मराठी घरात ताप मोजण्याचं पहिलं उपकरण म्हणजे आईचा उलटा हात. तो आधी कपाळाला लागतो, मग मानेला, मग पोटाला, आणि निकाल जाहीर होतो. "थोडी कसकस आहे", "अंगात कणकण आहे", "चांगलाच ताप आहे" आणि "फणफणलाय" अशी ही चार अंशांची पट्टी. तिच्यावर अपील नसतं. फार तर बाहेरच्या खोलीतून बाबांना बोलावून त्यांचाही हात लावला जातो. ते "मला तर नॉर्मल लागतंय" म्हणतात आणि त्यांचं रीडिंग तिथल्या तिथे रद्द होतं.

थर्मामीटर येतो तो यानंतर, शिक्का मारायला. त्याने १०१ दाखवला तर "मी म्हटलंच होतं". त्याने ९८ दाखवला तर संशयित तो स्वतः. नीट झटकला होतास का? लगेच काढलास ना? मघाशी गार पाणी प्यायला होता का? सेल उतरलाय वाटतं याचा. एवढं करूनही आकडा बधला नाही, की शेवटचं अस्त्र बाहेर येतं: "काखेत लावला होता ना? मग एक मिळव."

हा एक कोणत्या ग्रंथातून आला, हे कुणी विचारत नाही. पण तो अगदीच हवेतला नाही. काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा थोडं कमी येतं हे डॉक्टरही मानतात. अर्धा ते एक अंश फॅरनहाइट इतका फरक पडतो. आपल्या आज्या जे बोटावर करून मोकळ्या व्हायच्या त्याला प्रयोगशाळेत 'करेक्शन' म्हणतात आणि त्यावर प्रबंध लिहितात.

माझं तर स्पष्ट मत आहे की मोजमापाच्या शास्त्रात खरं काम हेच. आकडा काय आला हे शिपाईसुद्धा सांगेल. उपकरण कुठे लावलं होतं, वाचलं कुणी आणि त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं, ही उलटतपासणी म्हणजे विज्ञान. भाजीवाल्याच्या पारड्याखाली वाकून बघणारी गृहिणी आणि स्वीडनला जाऊन पदक घेणारा शास्त्रज्ञ एकाच वळणाचे असतात. फरक इतकाच, की गृहिणीला वरून कोथिंबीर मिळते.

थर्मामीटरचं मूळ दुखणं असं, की तो खरं बोलतोय का हे बघायला दुसरा थर्मामीटर लागतो. पहिला बनवणाऱ्यापाशी तो कुठून असणार? सोळावं शतक संपता संपता गॅलिलिओने काचेची नळी पाण्यात उलटी उभी केली. वरच्या फुग्यातली हवा तापली की पाणी खाली सरके, गार झाली की वर चढे. त्यावर आकडे नव्हते. आज कालच्यापेक्षा जास्त उकडतंय, एवढीच माहिती ते यंत्र द्यायचं, आणि ती कुठल्याही पारावर फुकट मिळते. शिवाय खालचं भांडं उघडं असल्याने बाहेरच्या हवेचा दाब बदलला तरी पाणी हलायचं. हवेला दाब असतो हेच तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. टॉरिचेल्लीचा पाऱ्याचा प्रयोग १६४३ चा. तोवर माणसं एकाच नळीत दोन गोष्टी मोजत होती आणि नाव एकीचंच घेत होती. पुढे १६५४ च्या सुमारास फ्लॉरेन्सचा ग्रँड ड्यूक फर्डिनांड दुसरा याने नळीत मद्यार्क भरून तिचं तोंड वितळवून बंद केलं, आणि दाबाची लुडबुड थांबली. दारू बंद केल्याने प्रगती होते याचं इतिहासातलं मला ठाऊक असलेलं एकमेव निर्विवाद उदाहरण.

गॅलिलिओच्याच काळात पादुआला सांतोरिओ नावाचा वैद्यकाचा प्राध्यापक होता. नळीवर खुणा करून ती रुग्णाच्या तोंडात धरण्याचा मान त्याच्याकडे जातो. पण त्याची खरी करामत वेगळीच. त्याने एका भल्यामोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि तिच्यात बसून तो जेवायचा, काम करायचा, झोपायचा. तोंडातून आत गेलेलं सगळं वजन करून, आणि बाहेर पडलेलंही वजन करून. सगळं. हे त्याने तीसेक वर्षं चालवलं आणि १६१४ मध्ये त्याचं पुस्तक काढलं. हिशेब असा लागला, की आठ पौंड अन्नपाणी आत गेलं तर बाहेर येतं तीनच पौंड. उरलेलं पाच पौंड अंगावाटे आणि श्वासावाटे न दिसता उडून जातं. शरीराचा जमाखर्च आकड्यांत मांडण्याची ही सुरुवात. आता घड्याळाने "आज तुमची पावलं कमी पडली" म्हटल्यावर रात्री अकराला गच्चीत येरझाऱ्या घालणारे लोक सांतोरिओचेच वंशज म्हणायचे. मला मात्र त्याच्यापेक्षा त्याच्या नोकराचं कौतुक वाटतं. बाहेरची बाजू पारड्यात कुणीतरी ठेवली असेलच ना.

नळीवर रेघा मारायच्या तर दोन टोकं पक्की हवीत. इथे युरोपभर जो गोंधळ झाला तो आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीला शोभेल असा. फ्लॉरेन्सवाल्यांनी एक टोक धरलं कडाक्याच्या थंडीचं आणि दुसरं कडक उन्हाळ्याचं. म्हणजे महाबळेश्वरचा थर्मामीटर वेगळा आणि चंद्रपूरचा वेगळा. १६८८ मध्ये दालाँसे नावाच्या फ्रेंच माणसाने लोणी वितळतं तो बिंदू सुचवला. लोणी गाईचं की म्हशीचं, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्या मिनिटाला निघून बैठक मोडली असती. कुणाला पॅरिसच्या वेधशाळेचं तळघर पसंत होतं, कारण तिथे म्हणे बारा महिने सारखंच वाटतं. खुद्द न्यूटनने १७०१ मध्ये जवसाच्या तेलाचा थर्मामीटर करून एक तक्ता छापला, तोही नाव न घालता. त्यात माणसाच्या अंगाची उष्णता १२, आणि त्याच्याही वर, हात सतत हलवत ठेवून जेमतेम सोसेल अशा गरम पाण्याची एक पायरी. ग्रहताऱ्यांना नियमाने बांधणारा हा माणूस, विसण घालायच्या आधीच्या बादलीत हात फिरवत "सोसतंय... सोसतंय... छे" करतोय, हे चित्र मला त्या सफरचंदाहून जास्त आवडतं.

डान्झिगच्या फॅरनहाइटने १७२४ मध्ये आपली पट्टी जाहीर केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांचं मिश्रण म्हणजे शून्य, नुसतं बर्फ आणि पाणी म्हणजे ३२, निरोगी माणसाच्या तोंडात किंवा काखेत ९६. काख इथेही आहेच. हे आकडे वेड्यासारखे वाटतात, पण ३२ पासून ९६ पर्यंत ६४ होतात आणि ६४ चे निम्मे, पाव, अर्धपाव करत शेवटपर्यंत जाता येतं. नळीवर हाताने रेघा मारणाऱ्या कारागिराची ही सोय. पाढे म्हणणाऱ्या पिढीला ते लगेच कळलं असतं. दशांश चिन्हावर वाढलेल्या आपल्याला फॅरनहाइट विक्षिप्त वाटतो.

सेल्सिअस सरळ, असा आपला समज. उप्सालाच्या सेल्सिअसने १७४२ मध्ये जी पट्टी मांडली तिच्यात पाणी शून्याला उकळत होतं आणि शंभराला गोठत होतं. ही पट्टी तशीच राहिली असती तर निरोगी माणूस ६३ चा, आणि आईने डॉक्टरांना फोन केला असता, "अहो, साठाच्या खाली गेलाय, येऊ का घेऊन?" १७४४ मध्ये सेल्सिअस क्षयाने गेला आणि त्यानंतर लवकरच पट्टी उलटी झाली. ती कुणी उलटवली यावर अजून वाद आहेत आणि दावेदारांत वनस्पतींना नावं देणारा लिनियसही आहे. नाव मात्र सेल्सिअसचंच राहिलं. माणूस गेल्यावर त्याचं म्हणणं उलटं करून त्याच्याच नावाने खपवायची पद्धत फक्त राजकारणात आहे असं नाही.

पण उकळतं पाणी तरी पक्कं टोक आहे का? चहा करणाऱ्या कुणालाही विचारा. आधी भांड्याच्या तळाशी बारीक मोती दिसतात, मग कडेने बुडबुडे, मग आधण येतं, मग खळखळतं. यातलं उकळणं कोणतं? अठराव्या शतकात लंडनच्या जॉर्ज अॅडम्सच्या थर्मामीटरवर दोन उत्कलनबिंदू कोरलेले होते: २०४ अंशांना उकळायला सुरुवात आणि २१२ ला जोरात उकळणं. म्हणजे आधण आणि खळखळ, दोन्हींची सोय.

जिनिव्हाच्या द लुकला हे सहन होईना. त्याला वाटलं, पाण्यात विरघळलेली हवा हा घोळ घालते. ती काढून टाकली की पाणी वळणावर येईल. हवा काढायची कशी? हलवून. त्याने एका चंबूत पाणी भरलं आणि तो चंबू चार आठवडे हलवला. झोपताना आणि गावात कामाला जाताना खाली ठेवायचा, एरवी हातात. जेवताना, वाचताना, मित्रांशी गप्पा मारताना, फिरायला जाताना हा गृहस्थ चंबू हलवतोय. त्याने हे सगळं स्वतःच लिहून ठेवलंय, आणि कसलाही संकोच न करता. महिनाभराने ते निर्वात पाणी तापवलं तेव्हा ते शंभरला उकळलंच नाही. ११२ पर्यंत गुपचूप बसलं आणि मग एकदम उसळून बाहेर आलं. पाणी सरळ करायला निघालेल्या माणसाला पाण्याने दाखवून दिलं की त्यात हवा आहे म्हणूनच ते इतकं शहाण्यासारखं वागतं.

अखेर १७७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने सात जणांची समिती नेमली. अध्यक्ष हेन्री कॅव्हेंडिश, सदस्यांत आपला द लुकही. आणि नवल म्हणजे समितीने खरंच निर्णय दिला: पाण्याच्या नादी लागू नका, थर्मामीटर वाफेत धरा आणि त्या दिवशी हवेचा दाब किती आहे ते बघा. दाबाची अट महत्त्वाची, कारण उंचावर पाणी लवकर उकळतं. एके काळी डोंगर चढणारे लोक शिखरावर पाणी उकळून त्याच्या तापमानावरून उंची काढत. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर असलेल्या पुण्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं. हे एका पुणेकराला सांगितलं तर तो म्हणाला, "मग बरोबरच आहे. १०० हे बाहेरगावचं असेल."

आता ३७. हा आकडा ज्याने आपल्या डोक्यात बसवला तो लाइपझिगचा डॉक्टर वुंडरलिख. त्याने १८६८ मध्ये ग्रंथ काढला आणि सांगितलं, की पंचवीस हजार रुग्णांची दहा लाखांहून जास्त रीडिंगं घेतली आहेत. निरोगी माणसाचं तापमान ३७ अंश. फॅरनहाइटमध्ये त्याचं ९८.६ झालं. इंग्रजी वळणाच्या थर्मामीटरांवर बाण ९८.४ ला असायचा, त्यामुळे आपल्याकडे या दोन दशांशांवरून घराघरांत दोन पंथ आहेत. वुंडरलिखचा थर्मामीटर फूटभर लांब होता आणि आकडा स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ दंड दाबून बसलेला रुग्ण बरा व्हायला उत्सुक असणारच.

त्याचा एक थर्मामीटर फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहे. १९९० च्या सुमारास मॅकोविआक नावाच्या अमेरिकी डॉक्टरने तो तपासला आणि तो आजच्या थर्मामीटरांपेक्षा दीड-दोन अंश सेल्सिअस जास्त दाखवतो असं निघालं. सगळेच तसे होते का, हे एकावरून ठरत नाही. मॅकोविआकने १४८ धडधाकट माणसं नव्याने मोजली. सरासरी आली ३६.८, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९८.२. आता गंमत बघा. वुंडरलिखने ती दहा लाख रीडिंगं बहुतेक घेतली होती कुठे? काखेत. म्हणजे जो एक आपण मिळवतो, तो त्या थर्मामीटरने परस्पर आधीच मिळवून ठेवला होता.

साथीच्या काळात आपण सगळ्यांनी कपाळावर पिस्तूल रोखून घेतलं. सोसायटीच्या गेटवर, बँकेत, लग्नाच्या हॉलवर. ते यंत्र कातडीतून निघणारी अवरक्त किरणं मोजतं, म्हणजे कपाळाचा पृष्ठभाग. एसी गाडीतून उतरलेल्या माणसाचं कपाळ गार, स्कूटरवरून आलेल्याचं तापलेलं. वॉचमनने वहीत लिहिलेले आकडे मी चाळले आहेत: ३३.१, ३२.८, ३१.९. अंगाचं तापमान ३५ च्या खाली गेलं की डॉक्टरांची धावपळ सुरू होते. आमच्या सोसायटीत मात्र ३१.९ वाले गृहस्थ रोज सकाळी दूध आणि पेपर घेऊन चालत वर जात होते, आणि पार्किंगवरून भांडतही होते. पिस्तुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कपाळ विचारलं, त्याने कपाळ सांगितलं.

मोजणाऱ्या माणसाचीही गोष्ट तशीच. १७९६ मध्ये ग्रीनिचचा राजज्योतिर्विद मॅस्केलिन याने किनब्रुक नावाच्या मदतनिसाला काढून टाकलं. गुन्हा काय, तर दुर्बिणीतल्या तारेवरून तारा सरकण्याची वेळ तो साहेबांपेक्षा आठ दशांश सेकंद उशिरा टिपायचा. वीसेक वर्षांनी बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने हे प्रकरण वाचलं आणि त्याला शंका आली. त्याने स्वतःची आणि इतर निष्णात निरीक्षकांची वेळ ताडून पाहिली, तर प्रत्येकाची वेगळी! डोळ्याने पाहिलेलं आणि कानाने ऐकलेला लंबकाचा ठोका यांची सांगड प्रत्येकाचा मेंदू आपापल्या सवडीने घालतो. मग प्रत्येक निरीक्षकाच्या नावावर त्याची त्याची दुरुस्ती मांडायची पद्धत पडली. किनब्रुकची चूक एवढीच की तो नोकर होता. साहेब आठ दशांश घाईत होते असं कुणी म्हटलं नाही.

आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये किनब्रुक निपजत नाहीत, कारण तिथे उत्तर आधी ठरलेलं असतं. लंबकाचा प्रयोग: स्टॉपवॉच एक, मुलं आठ, वीस आंदोलनं मोजायची. अठराव्याला शेजारच्या टेबलावरचा विचारतो, "किती झाली?" आणि अंक विसरतात. पण काळजी नसते. गुरुत्वत्वरण ९.८ हे पाठ असतं. त्यावरून उलटा हिशेब करून रीडिंग पाडायचं. नेमकं ९.८१ लिहिणारा मूर्ख समजला जातो, कारण एक्स्टर्नलला संशय येतो. अनुभवी विद्यार्थी ९.७४ लिहितात. व्हर्नियरचा झिरो एरर, स्क्रू गेजचं लीस्ट काउंट, सगळं जर्नलमध्ये चौकटीत, शाईने, सुवाच्य अक्षरात.

याला हसायचं कारण नाही. अमेरिकेत मिलिकनने तेलाचे थेंब तरंगवून इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार मोजला. उत्तर किंचित कमी आलं, कारण हवेच्या चिकटपणाचा त्याने धरलेला आकडा जरा चुकीचा होता. फाइनमनने १९७४ मध्ये विद्यार्थ्यांपुढच्या एका भाषणात याची पुढची कथा सांगितली. मिलिकननंतर ज्यांनी ज्यांनी हा भार मोजला त्यांचे आकडे लागलीच योग्य जागी गेले नाहीत. एकाचा मिलिकनपेक्षा थोडा जास्त, पुढच्याचा त्याच्याहून थोडा जास्त, असे दबकत दबकत वर चढले. कारण सरळ आहे. आकडा मिलिकनपासून फार लांब आला, की माणूस आपलंच काहीतरी चुकलं म्हणून खोदत बसायचा; जवळ आला, की वही मिटायचा. थोडक्यात, तेही ९.७४ लिहीत होते. फक्त त्यांचा एक्स्टर्नल नोबेलवाला होता.

माणूस बाजूला ठेवला तरी परिसर आहेच. मुंबईचं तापमान म्हणून आपण जे वाचतो ते दोन ठिकाणचं असतं, कुलाबा आणि सांताक्रूझ. दोन्ही ठिकाणी उपकरणं एका पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतात. वारा आत, ऊन बाहेर, आणि पेटीचं दार उत्तरेकडे, म्हणजे उघडतानाही सूर्याने डोकावू नये. ही पेटी दीपगृहं बांधणाऱ्या टॉमस स्टीव्हन्सनची. त्याच्या मुलाने पुढे 'ट्रेझर आयलंड' लिहिलं; बापाची पेटी त्याहून जास्त देशांत पोचली असावी. पेटीबाहेर ठेवलेला थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही, तो उन्हात तापलेल्या स्वतःचं सांगतो. मे महिन्यात गाडीच्या बॉनेटवर मोबाइल ठेवून फोटो पाठवणाऱ्या नातेवाइकांना हे सांगण्याचा मी नाद सोडला आहे.

आणि पेटी असली म्हणून सगळं भागतं असंही नाही. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले. देशभर बातमी झाली. हवामान खात्याने तपासलं तर तिथला सेन्सर तीन अंश वाढवून सांगत होता. त्याच आठवड्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ झळकले, आणि तेही खात्याने बाद ठरवले. नागपूरकरांना मात्र वाईट वाटलं. इतकं सोसून आकडा काढून घेतला जातो म्हणजे काय!

लिबियातल्या अल अझीझियाच्या आकड्यातली चूक कळायला तर नव्वद वर्षं लागली. १३ सप्टेंबर १९२२ रोजी तिथल्या इटालियन लष्करी ठाण्यावर ५८ अंशांची नोंद झाली आणि जगातला सर्वांत उष्ण दिवस म्हणून ती पुस्तकापुस्तकांत छापली गेली. जागतिक हवामान संघटनेने जुनी नोंदवही मिळवून तपासली तेव्हा दिसलं, की एक-दोन दिवस आधी वहीतलं अक्षर बदललंय. माणूस नवा होता आणि आकडे भलत्याच रकान्यात भरत होता. तिथल्या थर्मामीटरमध्ये कमाल तापमान दाखवायला एक सरकणारी बारीक काडी असते. ती खालच्या टोकाशी वाचायची, याने बहुधा वरच्या टोकाशी वाचली. काडीच्या लांबीत सात अंश बसतात. १३ सप्टेंबर २०१२ ला विक्रम रद्द झाला. कुठल्याही कचेरीत नव्या माणसाला चार्ज देताना जुना माणूस "बाकी तसं काही नाही" म्हणून जातो, त्याचा हा परिणाम.

या बाबतीत आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेने दाखवलेली दूरदृष्टी सोन्याने मढवून ठेवावी अशी आहे. १८२६ पासूनच्या या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकत्व मोजत. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईच्या घोड्याच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, आणि संचालक नानाभाई मूस यांच्या लक्षात आलं की ट्राम खडखडत गेली की आपली सुई पृथ्वी सोडून ट्रामचं चुंबकत्व सांगत बसणार. ट्राम तर थांबत नाही. मग सुईच हलवली. अलिबागला नवी वेधशाळा बांधली. पोरबंदरी दगड, लोखंडाला मज्जाव. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकदम मोजून जुन्या आकड्यांची नव्यांशी गाठ घातली. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. ट्रॅफिकला कंटाळून अलिबागला जाणाऱ्यांत पहिला नंबर लागतो तो एका चुंबकसूचीचा. तिने तिकडे सेकंड होम घेतलं तेव्हा जमिनीचे भावही आवाक्यात असावेत.

उपकरण जितकं नाजूक तितकं त्याला शेजाऱ्यांचं जास्त ऐकू येतं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीवर १९९८ पासून अधूनमधून विचित्र लहरी टिपल्या जात. दूरच्या विश्वातून येणाऱ्या खऱ्या स्फोटांसारख्याच दिसायच्या, पण यायच्या कामाच्या वेळात, बहुधा जेवणाच्या सुमाराला. २०१५ मध्ये उलगडा झाला. मायक्रोवेव्ह बंद व्हायच्या आधीच कुणीतरी दार उघडायचं. सतरा वर्षं! कोणाही गृहिणीने पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं, "किचनमध्ये कोण आहे?"

सध्याचं सगळ्यांत कानाचं तिखट यंत्र म्हणजे अमेरिकेतलं लायगो. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू काटकोनात, आत लेझर, आणि प्रोटॉनच्याही दहा हजाराव्या भागाइतका लांबीतला बदल कळावा अशी रचना. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर ते इथे ऐकू येतं. २०१७ च्या उन्हाळ्यात हॅनफर्डच्या लायगोत वेगळेच ठोके उमटायला लागले. शास्त्रज्ञांनी मायक्रोफोनच्या नोंदी तपासल्या, बाहेर जाऊन पाहिलं, तर द्रव नायट्रोजनच्या नळीवर जमलेल्या हिमाला चोचींच्या खुणा. तहानलेले डोमकावळे ते टोचत होते. मग एकाने स्वतः तो बर्फ टोचून बघितला आणि तसेच ठोके उमटतात याची खात्री करून घेतली. एवढी पदवी घेऊन कावळ्याची नक्कल करावी लागते, याला म्हणतात संशोधन.

अशीच वेधशाळा आता आपल्याकडे होते आहे, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. इथल्या शास्त्रज्ञांपुढे काय काय वाढून ठेवलंय याचा मी थोडा विचार केला आहे. महाशिवरात्रीला नागनाथाच्या दर्शनाला लोटणारी गर्दी वेगळी काढावी लागेल. उसाने भरलेल्या, एकामागे एक जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या वेगळ्या. गणपतीतला डीजे वेगळा. त्याची आणि कृष्णविवरांच्या टकरीची खूण सारखीच निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. आणि पितृपक्ष आहेच. पंचक्रोशीतली सगळी माणसं पान वाढून, हात जोडून, "काव काव" करत उन्हात ताटकळलेली असणार, कावळा काही केल्या शिवत नसणार, आजोबांची कुठली इच्छा राहिली यावर भावाभावांत जुंपलेली असणार, आणि आत गार खोलीत एखादा तरुण शास्त्रज्ञ पडद्यावरचे ठोके बघून पुण्याला फोन लावत असणार, "सर, नळीला शिवलाय."